ऐकविणारा की विकणारा?

१

कापड घेताना माणूस ते चिमटीत धरून पाहतो, तांदूळ घेताना दाणा दाताखाली चावून पाहतो, देवघरासाठी घंटा घेताना ती एकदा वाजवून पाहतो. परीक्षा जागच्या जागी होते आणि तिच्यासाठी दुकानदाराच्या विद्वत्तेची गरज पडत नाही. गाणे ऐकविणाऱ्या उंची यंत्राची गोष्ट निराळी आहे. फळीवर ठेवलेले ते यंत्र मुके असते. त्याची परीक्षा करावयाची तर कोणीतरी ते शांत खोलीत मांडले पाहिजे. तबकडीयंत्र, अॅम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर यांचा मेळ बसविला पाहिजे. ऐकणाऱ्याला एक खुर्ची आणि तासभर वेळ दिला पाहिजे. हे काम कारखानदाराच्याने होत नाही, कारण तो ग्लासगोला किंवा न्यू यॉर्क राज्यातील बिंगहॅम्टनला बसलेला असतो. गिऱ्हाइकाच्यानेही होत नाही, कारण दहा यंत्रे घरी आणून त्यांतून एक निवडण्याइतका धनिक क्वचितच आढळतो. ते काम स्वतंत्र विक्रेता करतो. निदान त्याने ते करावे, या विश्वासावर गेली साठ-सत्तर वर्षे हा सगळा व्यापार उभा आहे.

मूळ ध्वनीशी अधिकांत अधिक इमान राखणारी म्हणून ज्यांना हाय-फाय म्हणतात, त्या यंत्रांचे निर्माते आणि त्यांचे विक्रेते यांच्यातील नात्याची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे. वरवर पाहता हा दोन व्यापाऱ्यांमधील कमिशनचा प्रश्न वाटेल, आणि देवळाच्या सभामंडपात टाळ-पखवाज ऐकत वाढलेल्या वाचकाला त्याचे काय, अशी शंकाही येईल. परंतु थोडा विचार केला तर असे दिसेल, की जुने गाणे आपल्या कानांपर्यंत कोणत्या रूपाने पोहोचते, हे बरेचसे या नात्यावर अवलंबून असते. फोंड्याजवळच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीतून अंतराळात गेली. पण ज्या केसरबाई आपल्या माडीवरच्या कपाटात कागदी पाकिटात पडून आहेत, त्यांना त्या कपाटाबाहेर कोण काढणार, हा प्रश्न पृथ्वीवरचाच आहे. त्याचे उत्तर कित्येकदा एखाद्या दुकानदाराजवळ असते.

२

प्रस्तुत लेखकाला हे ज्या प्रसंगाने उमगले तो प्रसंग लहानसाच आहे. वडिलांच्या संग्रहातील ७८ फेऱ्यांच्या काही तबकड्या घेऊन मी एका मोठ्या शहरातील विक्रेत्याकडे गेलो होतो. घरच्या यंत्रावर त्या वाजत, पण आवाजाआधी खरखर ऐकू येई आणि तानेच्या टोकाला स्वर फाटल्यासारखा होई. नवे अॅम्प्लिफायर घ्यावयाचे असे मनाशी ठरवून, पैसे जमवूनच मी निघालो होतो. त्या गृहस्थांनी तबकडी हातात घेतली, ती कडेने उजेडात तिरकी धरून पाहिली, आणि विचारले, “तुमच्या यंत्राची सुई कोणती?” मी म्हणालो, “होती तीच आहे.” त्यावर ते म्हणाले, “मग अॅम्प्लिफायर कशाला घेता? आधी सुई बदला. ही एल्-पीची सुई आहे. ती या जुन्या खाचेच्या तळाशी लोळते आहे.”

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. एल्-पी तबकडीच्या सूक्ष्म खाचेसाठी जी सुई असते तिच्या टोकाची त्रिज्या साधारणपणे इंचाच्या हजाराव्या भागाइतकी, किंबहुना कमीच असते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला त्याच्या सुमारे तिप्पट जाड टोक लागते. बारीक सुई रुंद खाचेत शिरली की ती भिंतींना टेकण्याऐवजी तळ खरडते, आणि तळाशी वर्षानुवर्षांची धूळ व झीज यांखेरीज काही नसते. त्यांनी आपल्याजवळची जाड सुई बसवून तीच तबकडी पुन्हा लावली. खरखर पुरती गेली नाही. पण तिच्यामागे दडलेला तंबोरा प्रथमच ऐकू आला. त्या दिवशी त्यांच्या गल्ल्यात अॅम्प्लिफायरच्या किमतीचा अगदी क्षुल्लक अंश पडला. मी मात्र पुढे कित्येक वर्षे त्या दुकानाशिवाय दुसऱ्या दुकानाची पायरी चढलो नाही.

काही वर्षांनी ते दुकान बंद झाले. ज्या परदेशी कंपनीची एजन्सी त्यांनी पंधरा-सोळा वर्षे चालविली होती, जिचे नावही त्या शहरात त्यांच्याचमुळे लोकांना ठाऊक झाले होते, तिने एका पत्राने ती एजन्सी काढून एका मोठ्या साखळी-दुकानाला दिली. कारण एवढेच दिले होते, की विक्रीचा ठरलेला आकडा पुरा होत नाही. सुई बदलून देणारा मनुष्य आकडा पुरा करू शकत नाही, हे उघडच आहे. कंपनीचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. तो दोष एका कंपनीचा असता तर हा लेख लिहावा लागलाच नसता.

३

कारखानदाराने विक्रेत्याला आपल्या शिस्तीत कसे आणले, याचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे स्कॉटलंडमधील लिन आणि इंग्लंडमधील नेम या दोन कंपन्या. आयव्हर टीफेनब्रुन यांनी १९७३ साली ग्लासगोला लिन कंपनी स्थापन केली. ‘सोंडेक एल्-पी १२’ हे तिचे तबकडीयंत्र त्याच सुमारास बाजारात आले आणि आजही तयार होते. ज्युलियन व्हेरेकर यांनी सॉल्झबरी येथे त्याच वर्षी नेम ऑडिओची उभारणी केली व अॅम्प्लिफायर बनविले. दोन्ही कंपन्यांचा माल बहुधा त्याच त्या विक्रेत्यांकडे एकत्र मिळे आणि दोघांचे पंथमतही बरेचसे एक होते.

ते मत असे : त्या काळी सामान्य समजूत होती, की चांगल्या आवाजाचे श्रेय मुख्यतः लाउडस्पीकरला द्यावे, तबकडीयंत्राने फक्त सम गतीने फिरले म्हणजे झाले. टीफेनब्रुन यांनी हे उलटे केले. उगमापाशी जे हरवले ते पुढे कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही, सबब पैसा आधी उगमावर खर्च करावा, असे त्यांनी प्रतिपादिले. पाट कितीही रुंद खणला तरी झऱ्यालाच पाणी कमी असेल तर बागायत भिजत नाही, हे कुळागर राखणाऱ्या गोमंतकीयाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. विचार तर्काला धरून होता, आणि तो योगायोगाने तबकडीयंत्राच्या कारखानदाराच्या फायद्याचाही होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. समीक्षकाने त्यांतली एक सांगून दुसरी लपवू नये.

या मतामागोमाग विक्रेत्यावर दोन बंधने आली. पहिले बंधन जुळणीचे. एल्-पी १२ च्या पोटातील उपचौकट तीन स्प्रिंगांवर लोंबती ठेवलेली असते. तीवर फिरती थाळी व सुईचा हात हे दोन्ही बसविलेले असतात. या स्प्रिंगा अशा जुळवाव्या लागतात, की थाळी हलकेच दाबून सोडली असता ती सरळ वर-खाली हलावी, आजूबाजूला डुलू नये. सुईच्या हाताची वायर थोडी ताणली गेली तरी हा तोल बिघडतो. म्हणून हे यंत्र खोक्यातून काढून गिऱ्हाइकाच्या हाती देण्यासारखे नाही. प्रशिक्षित विक्रेत्यानेच ते जुळवावे, असा दंडक राहिला. त्यात भर अशी, की कंपनीने जुन्या यंत्रांना नवे भाग बसविता येतील अशी सोय ठेवली. १९९३ ची ‘सर्कस’ किंवा २०२० ची ‘कॅरौसेल’ ही बेअरिंगची जोडणी पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्रातही बसते. यामुळे विक्रेत्याला एकदाच्या विक्रीऐवजी आयुष्यभराची सेवा मिळाली आणि गिऱ्हाइकाला जुने टाकून नवे घेण्याच्या शापातून उःशाप मिळाला. या व्यवस्थेचे जितके कौतुक करावे तितके थोडेच. सोनाराकडे बापाने केलेला दागिना मुलाने आटवून घ्यावा, तसा हा व्यवहार आहे.

दुसरे बंधन ऐकविण्याच्या खोलीचे. एका वेळी खोलीत लाउडस्पीकरची एकच जोडी असावी, असा आग्रह या कंपन्यांनी धरला. कारण असे, की न वाजणाऱ्या लाउडस्पीकरचा पडदाही हवेतील कंपनांनी हलतो आणि वाजणाऱ्याच्या आवाजात ढवळाढवळ करतो. तोपर्यंतच्या दुकानांतून भिंतभर लाउडस्पीकर मांडलेले असत. बटण दाबले की एकातला आवाज दुसऱ्यात जाई. त्या पद्धतीतही मोठे वैगुण्य होते. दोन लाउडस्पीकरांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तोच कानाला सरस भासतो, हे पुष्कळदा प्रत्ययाला आलेले आहे. आणि कुशल विक्रेत्याला आवाज किंचित वाढविणे अवघड नसते. तेव्हा बटणांची भिंत गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही.

परंतु एकल जोडीच्या खोलीने काय केले, हेही पाहिले पाहिजे. न वाजणाऱ्या पडद्याचा परिणाम होत नाही असे कोणी म्हणत नाही. तो किती होतो, हाच वादाचा मुद्दा आहे. व्यापारी परिणामाबद्दल मात्र वाद नाही. खोलीत एकच जोडी राहिली की तत्काळ तुलना संपली. दुसरी जोडी आणावयाची तर विक्रेत्याने उठावे, पहिली उचलावी, तारा सोडाव्यात, आणि तोवर कानातली आठवण विरून जावी. देव्हाऱ्यात एकच मूर्ती ठेवून भक्ताला ‘तुझे इष्टदैवत निवड’ असे सांगण्यापैकीच हा प्रकार झाला. ध्वनिशास्त्राच्या नावाने केलेला नियम नकळत मक्त्याचा पहारेकरी झाला.

याच कंपनीने ऐकण्याची जी कसोटी सुचविली, ती मात्र मला अत्यंत मोलाची वाटते. खर्ज किती घुमतो, झांज किती चमकते, हे मोजू नका. ज्या यंत्रावर गाण्याची चाल मनातल्या मनात अधिक सहज गुणगुणता येते ते यंत्र सरस समजा, असे त्यांचे म्हणणे. आपल्या संगीताच्या श्रोत्याला ही कसोटी परकी वाटू नये. स्वराची आस, मींडेतला प्रवास आणि समेवर येण्याचा डौल ज्यातून कळतो तेच ऐकणे खरे. पाश्चात्य यंत्रकाराने पाश्चात्य संगीतासाठी दिलेली ही कसोटी ख्यालगायकीला अधिकच लागू पडते. खेद इतकाच, की कसोटी गिऱ्हाइकाच्या हाती दिली आणि खोलीची किल्ली स्वतःजवळ ठेवली.

४

आता किमतीच्या प्रश्नाकडे वळू; कारण या नात्यातील खरा कलह तेथेच आहे. कारखानदाराने विक्रेत्याला माल विकल्यानंतर तो पुढे कोणत्या किमतीला विकावा, हे सांगण्याचा अधिकार कारखानदाराला आहे काय?

प्रश्न फोनोग्राफइतकाच जुना आहे. अमेरिकेतील व्हिक्टर कंपनी आपल्या प्रत्येक यंत्रावर एक सूचना डकवीत असे. यंत्र विकले गेले तरी त्याची मालकी पेटंटची मुदत संपेपर्यंत कंपनीकडेच आहे, गिऱ्हाइकाला फक्त वापरण्याची परवानगी आहे, आणि ठरलेल्या किमतीखाली ते कोणी विकू नये, असा तिचा मथितार्थ. न्यू यॉर्कच्या मेसी या प्रसिद्ध दुकानाने ती सूचना जुमानली नाही. १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हिक्टरचा दावा फेटाळला. पूर्ण किंमत घेऊन वस्तू दिल्यावर ती माझीच आहे असे म्हणणे हा परवान्याचा बुरखा आहे, हे न्यायालयाने ओळखले.

युरोपातला कलह याहून गुंतागुंतीचा झाला. रेडिओ व टेपरेकॉर्डर बनविणाऱ्या ग्रुंडिग या जर्मन कंपनीने १९५७ साली फ्रान्सपुरता एकच वितरक नेमला. त्याचे नाव कॉन्स्टेन. कॉन्स्टेनने ठरावीक माल घ्यावा, दुरुस्तीची कर्मशाळा ठेवावी, जाहिरात करावी. मोबदल्यात ग्रुंडिगने दुसऱ्या कोणालाही फ्रान्समध्ये माल पाठवू द्यावयाचा नाही, असा करार होता. १९६१ पासून युनेफ नावाच्या दुसऱ्या एका पेढीने जर्मनीतील व्यापाऱ्यांकडून तोच माल घेऊन तो फ्रान्समध्ये स्वस्तात विकण्यास सुरुवात केली. कॉन्स्टेनने दावा लावला, प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले, आणि १३ जुलै १९६६ रोजी निकाल लागला. एकमेव वितरक नेमण्यास हरकत नाही, पण त्याच्याभोवती अभेद्य तट बांधून शेजारच्या देशाचा माल अडविता येणार नाही, असा त्याचा सारांश.

याच्या अकरा वर्षांनी त्याच न्यायालयाने तराजूचे दुसरे पारडेही भरले. साबा ही जर्मनीतील रेडिओ-टेलिव्हिजन बनविणारी कंपनी निवडक विक्रेत्यांनाच माल देई. मेट्रो या घाऊक स्वयंसेवा दुकानाने त्यावर आक्षेप घेतला. १९७७ च्या निर्णयात न्यायालयाने म्हटले, की विक्रेत्याचे तांत्रिक ज्ञान, त्याचे नोकर व त्याची जागा यांविषयीचे वस्तुनिष्ठ निकष लावून निवड करावयास हरकत नाही. अट एवढीच, की ते निकष सर्वांना सारखे लावावेत. स्पर्धा केवळ किमतीचीच असते असे नाही, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. आणि पुढे १९८३ साली एईजी-टेलिफुंकेन या कंपनीला त्याच न्यायालयाने दोषी धरले, कारण पात्र असलेल्या विक्रेत्यांनाही ती केवळ ते स्वस्तात विकतील या भीतीने दूर ठेवीत होती. हे तीन निर्णय एकत्र वाचले म्हणजे एक सुज्ञ मर्यादा दिसू लागते : विक्रेत्याच्या योग्यतेची अट घाला, त्याच्या किमतीला हात लावू नका.

कारखानदारांचा पूर्वपक्ष असा आहे, आणि तो दुर्बळ नाही. लेस्टर टेल्सर या अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली तो नीट मांडला. एक दुकानदार ऐकविण्याची खोली बांधतो, जाणता नोकर ठेवतो, गिऱ्हाइकाला दोन तास देतो. गिऱ्हाईक ‘विचार करून सांगतो’ म्हणून उठते आणि पलीकडच्या दुकानात, जेथे खोली नाही, जाणता नोकर नाही, तेथून तेच यंत्र स्वस्तात घेते. पहिला दुकानदार एक दिवस खोली बंद करतो. मग यंत्र कोणीच ऐकवीत नाही, आणि उंची यंत्र ऐकविल्याशिवाय विकत नाही. म्हणून किमान किंमत सर्वत्र सारखी ठेवावी, म्हणजे दुकाने सेवेत स्पर्धा करतील. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली चामडी पट्ट्यांच्या एका खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी हाच विचार बऱ्याच अंशी उचलून धरला, आणि किमान किंमत ठरविणे सरसकट बेकायदा मानणारा १९११ चा आपलाच निर्णय रद्द केला. पुढे प्रत्येक प्रकरण त्याच्या गुणदोषांवर तपासावे, असे ठरले.

पूर्वपक्ष मान्य करूनही उत्तरपक्ष उरतो. युरोपीय आयोगाने जुलै २०१८ मध्ये आसुस, डेनॉन व मरान्झ, फिलिप्स आणि पायोनियर या चार कंपन्यांना मिळून ११ कोटी १० लाख युरोंहून अधिक दंड केला. आंतरजालावर स्वस्तात विकणाऱ्या दुकानदारांना गाठून किमती वाढविण्यास भाग पाडणे, न ऐकल्यास पुरवठा बंद करण्याची धमकी देणे, हा त्यांचा दोष. सेवेच्या रक्षणासाठी किंमत बांधावी, हा युक्तिवाद येथे लावून पाहावा. खोक्यात बंद येणारे आणि खोक्यातच घरी पोहोचणारे यंत्र, ज्याला कोणी ऐकवीतही नाही व जुळवीतही नाही, त्याच्या किमतीला कोणती सेवा राखावयाची होती? सेवेच्या नावाने घातलेले कुंपण सेवा उठून गेल्यावरही जागेवरच राहते. देवाचा उत्सव बंद पडला तरी उत्सवाची वर्गणी चालू ठेवावी, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या देशातील स्थिती थोडी निराळी आहे. येथे बांधीव मालावर कमाल किंमत छापावी लागते. तिच्याखाली विकण्यास दुकानदार मोकळा असतो. २००२ च्या स्पर्धा अधिनियमात पुनर्विक्रीची किंमत बांधून ठेवण्याच्या करारांचाही समावेश आहे. त्यामुळे स्पर्धेला लक्षणीय बाध येत असेल तर ते करार दोषास्पद ठरतात. नियम समंजस आहे. पण छोट्या विक्रेत्याला एजन्सी काढून घेण्याच्या भीतीपुढे नियमाचा आधार फारसा वाटत नाही, हे व्यवहारात दिसते.

५

आजवरच्या या चर्चेत एक बाजू मला सतत दुर्लक्षित वाटत आली आहे. फुकट लाभ घेणारा म्हणून नेहमी स्वस्त दुकानदाराकडे आणि लबाड गिऱ्हाइकाकडे बोट दाखविले जाते. परंतु कारखानदारही विक्रेत्याच्या कष्टांवर फुकट जगू शकतो, हे कोण सांगणार? एखाद्या गावात ज्या नावाला कोणी ओळखत नव्हते ते नाव विक्रेता वर्षानुवर्षे संध्याकाळच्या बैठका भरवून, उसनी यंत्रे लोकांच्या घरी नेऊन, बिघडलेली स्वखर्चाने सुधारून प्रतिष्ठेला चढवितो. ती प्रतिष्ठा जमली म्हणजे कारखानदार एके दिवशी ती उचलून साखळी-दुकानाला देतो, किंवा आपणच थेट विकू लागतो. विक्रेत्याने पेरले, कापणीला दुसराच आला. करारात याचा मोबदला नसतो, कारण नावाचा मालक कागदोपत्री कारखानदार असतो. किमती बांधण्याला न्याय्य ठरविणारा जो युक्तिवाद कारखानदार करतो, तोच युक्तिवाद एजन्सी अकस्मात काढून घेण्याविरुद्ध का चालू नये?

हे नाते याहून चांगले असू शकते, याचे दाखले या व्यापाराच्याच इतिहासात आहेत. अमेरिकेतील मॅकिंटॉश कंपनीने १९६२ पासून सुमारे तीन दशके आपले तंत्रज्ञ मोजमापाची साधने घेऊन गावोगावच्या विक्रेत्यांकडे पाठविले. त्या दिवशी कोणीही आपले अॅम्प्लिफायर काखोटीला मारून यावे. ते कोणत्याही कंपनीचे असो, ते फुकट तपासून त्याच्या कामगिरीचा आलेख हाती दिला जाई. यात कंपनीचा स्वार्थ होता, नाही असे नाही; प्रतिस्पर्ध्यांची यंत्रे जाहिरातीइतकी खरी उतरत नसत आणि ते लोकांना दिसे. पण तो स्वार्थ सत्याच्या वाटेने जात होता, आणि विक्रेत्याच्या दुकानाला एका दिवसापुरते विद्यालयाचे रूप येत होते. दुसरा दाखला अकूस्टिक रिसर्च या कंपनीचा. एडगर व्हिल्चर यांच्या या कंपनीने न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात एक ऐकण्याची खोली उघडली होती; तेथे यावे, बसावे, ऐकावे, विचारावे; विकत मात्र काहीच मिळत नसे. ऐकविणे आणि विकणे या दोन क्रिया वेगळ्या करता येतात, हे तिने दाखवून दिले.

आणि तिसरा दाखला इंग्लंडमधील वर्दिंगचा. महायुद्धानंतर जॉन बॉवर्स आणि रॉय विल्किन्स यांनी तेथे रेडिओचे दुकान घातले. त्या दुकानाच्या मागच्या भागात बॉवर्स लाउडस्पीकर बनवू लागले, आणि १९६६ साली त्यातून आज जगभर गाजणारी कंपनी उभी राहिली. म्हणजे कारखानदार आणि दुकानदार या जन्मजात वेगळ्या जाती नव्हेत. गिऱ्हाइकाच्या तक्रारी ऐकून-ऐकून ज्याचा कान तयार झाला तो दुकानदारच पुढे कारखानदार झाला. ही कंपनी २०१६ नंतर एका मालकाकडून दुसऱ्याकडे वारंवार गेली. अशा मालकांना वर्दिंगच्या त्या मागल्या खोलीची आठवण किती राहते, ते त्यांच्या विक्रेत्यांनाच ठाऊक.

केवळ कंपनीच्या स्वतःच्या दुकानांनी हा प्रश्न सुटतो, असेही दिसत नाही. बोस कंपनीने १९९३ पासून स्वतःची दुकाने उघडली होती. जानेवारी २०२० मध्ये तिने उत्तर अमेरिका, युरोप, जपान व ऑस्ट्रेलिया येथील ११९ दुकाने मिटविण्याचे जाहीर केले. एकाच कंपनीचा माल ऐकविणाऱ्या दुकानात तुलनेला जागा नसते, आणि ज्याला तुलना नको त्याला दुकानही नको. तो घरबसल्या मागवितो.

६

सारांश, या नात्यात तीन पक्ष आहेत आणि त्यांतला तिसरा, म्हणजे श्रोता, करारावर सही करीत नाही. कारखानदाराने विक्रेत्याकडून ज्ञान, शांत खोली आणि जुळणीचे कौशल्य मागावे. ते मागण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. किंमत मात्र त्याने विक्रेत्याच्या विवेकावर सोडावी. एजन्सी काढून घ्यावयाची असेल तर ज्याने नाव रुजविले त्याला पुरेशी मुदत आणि शिल्लक मालाची भरपाई द्यावी. विक्रेत्यानेही आत्मपरीक्षण करावे. जो दुकानदार कारखानदाराच्या नफ्याच्या प्रमाणात आपले मत बदलतो, ज्याच्यात जास्त कमिशन त्याचीच स्तुती करतो, त्याने आपणास जाणकार म्हणवू नये. ऐकविण्याच्या कष्टांचे मोल उघडपणे मागावे. तासाची दक्षिणा सांगावी आणि खरेदी झाल्यास ती किमतीतून वजा करावी. भटजींना दक्षिणा देताना आपणास संकोच वाटत नाही, मग कान तयार करून देणाऱ्याला ती देताना का वाटावा? आणि गिऱ्हाइकाने, म्हणजे आपण, एका दुकानात बसून ऐकावे आणि दुसऱ्या दुकानातून घ्यावे, ही गोष्ट चतुराईची न समजता ऋण बुडविण्याची समजावी.

परवा त्या शहरात जाण्याचा योग आला तेव्हा त्या बंद दुकानावरून गेलो. तेथे आता भ्रमणध्वनींचे दुकान आहे. तो जुना गृहस्थ हयात आहे की नाही, तेही मला कळू शकले नाही. त्यांनी दिलेली जाड सुई मात्र अजून माझ्या यंत्रात आहे. ती झिजत आली आहे, आणि ती बदलावयाची झाल्यास तबकडी उजेडात तिरकी धरून पाहणारा दुसरा कोण, याचा शोध मी घेतो आहे.